रिकामा खिळा

“हे वाक्य तुझं नाही, उज्ज्वला,” नाईकवडी बाई म्हणाल्या आणि माझी वही त्यांनी टेबलावर पालथी घातली.

“माझंच आहे,” मी म्हटलं. माझ्या तोंडाला लगाम कधी नव्हताच.

“मग वाच. मोठ्यानं.”

मी वही सुलटी केली आणि उभ्याउभ्या वाचलं. “सगुणा मेलेली नाही. ती जगायला गेली. मरायला निघालेली बाई कात्री घेऊन जात नाही.”

बाकाच्या टोकाला विद्याधर घुगरे फिसकन हसला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं तसा तो गप्प झाला. मग त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं. त्या पेनानं बाई दोनच शब्द लिहायच्या, आणि त्यातला नको तो शब्द माझ्या वहीत आधीच दोनदा येऊन गेला होता.

ही १९९४ सालची गोष्ट. गडहिंग्लजला मी बारावीला होते, कला शाखेला, आणि मराठी साहित्य हा विषय घेतला होता. सकाळच्या तासाला आम्ही साठजण असायचो. तिथं बाई परीक्षेपुरतं शिकवायच्या. पण अकरावीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, “ज्यांना पास व्हायचंय त्यांनी सकाळी या. ज्यांना वाचायचंय त्यांनी शनिवारी दुपारी पण या.” पहिल्या शनिवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत चौतीसजण जमले. बाईंनी अटी सांगितल्या. दोन वर्षांत चोवीस पुस्तकं. प्रत्येकावर वहीत चार पानं, स्वतःच्या अकलेनं. दप्तरात गाईड सापडलं की तिथल्या तिथं बाहेर. दुसऱ्या शनिवारी आम्ही नऊजण उरलो.

तिथं मार्क नसायचेच. बाई वही वाचायच्या आणि खाली लाल शाईत एक शब्द लिहायच्या. पुस्तक पोटात गेलंय असं वाटलं तर ‘वाचलं’. दुसऱ्याचं मत आपलं म्हणून खपवलंय असं दिसलं तर ‘उसनं’. तीन वेळा ‘उसनं’ झालं की शनिवार बंद. माझ्या नावावर दोन होते, एक गाईडमधून उतरवल्याबद्दल आणि एक विद्याधरच्या वहीतून उतरवल्याबद्दल. खोटं कशाला बोलू, दोन्ही वेळा मी चोरी केली होती आणि दोन्ही वेळा बाईंनी ती पहिल्या चार ओळींत पकडली होती. त्यानंतर मात्र मी शहाण्यासारखी वाचायला लागले. तेवीस पुस्तकं पार पडली. हे चोविसावं, शेवटचं.

चोवीस पुरी करणाऱ्याच्या घरी बाई स्वतः जायच्या, चहा घ्यायच्या आणि सांगायच्या, हिला बी.ए.ला घाला. त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. मला त्या शब्दाची गरज सगळ्यांत जास्त होती, कारण माझ्या मामानं माझ्यासाठी एक जुनं शिलाई मशीन बघून ठेवलं होतं. बारावी झाली की आईशेजारी बसायचं आणि ब्लाउज शिवायचे, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मशीनवर माझा राग नव्हता, मशीनच्या आवाजातच मी वाढले. पण आख्ख्या गावात ‘तुला काय वाटतं?’ असं मला विचारणारी ती एकच खोली होती. ती मला सोडायची नव्हती.

बाईंनी काही न लिहिता टोपण परत लावलं. “एकवीस वर्षं मी ही कादंबरी शिकवतेय,” त्या म्हणाल्या. “सगुणा शेवटी नदीवर जाते आणि जीव देते. मला माझ्या सरांनी असं शिकवलं, मी तुम्हाला असं शिकवलं. कात्रीचं नाव आजवर कुणी काढलं नाही. तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“ठीक. पुढच्या शनिवारी बचाव कर. पुस्तक हातात घ्यायचं, वही नाही. हे आठजण विचारतील, शेवटी मी विचारीन. पटलं तर ‘वाचलं’. नाही पटलं तर काय ते तुला ठाऊक आहे.”

घरी जाताना मी रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या. कारण बाईंचं खरं होतं. ते वाक्य माझं नव्हतंच. ते शब्दाला शब्द माझ्या आईचं होतं.

आईचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दहा बाय आठचं. पुढं मशीन, मागं पडदा, पडद्यामागं आमचा संसार. शालन टेलर म्हणून गावातल्या बायका तिला ओळखायच्या. शेजारी हौसामावशी पाटावर बसून हुक लावायची आणि हेम घालायची. मावशी आमची नात्यातली नव्हती, पण हाताला काम आणि तोंडाला सोबत हवी म्हणून सकाळी यायची ती दिवेलागणीला जायची. घरात आम्ही दोघीच. वडील कुठं आहेत असं लहानपणी विचारलं की आई म्हणायची, “हायत त्येंच्या घरी.” दोनतीनदा तेच उत्तर आल्यावर मी विचारायचं सोडलं.

आईला सही येत होती आणि आकडे येत होते, कारण मापं लिहावी लागत. बाकी अक्षराशी तिची ओळख नव्हती. पण गोष्ट ऐकायची भारी हौस. मी शनिवारच्या वर्गाची पुस्तकं दुकानात बसून मोठ्यानं वाचायचे, तेवढाच माझा अभ्यास आणि त्यांची करमणूक. त्या दोघी पुस्तकातल्या माणसांना शेजारच्या गल्लीतली असल्यासारख्या बोलायच्या. एखादा नायक पाच पानं नुसता आभाळाकडं बघत बसला की मावशी म्हणायची, “ह्याला काय कामधंदा न्हाई का गं?” म्हणून मी वर्णनं गाळायचे. झाडं, डोंगर, बाजार, पहाट आली की पान उलटायचं. कुणाला कळतंय?

या कादंबरीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी ती वाचून माझ्याशी वाद घालायला येईल, आणि माझा वाद एकदा होऊन गेलाय. सगुणा नावाची सून असते. सासरच्या मशीनवर ती दिवसभर शिवते, पैसे सासू घेते, आणि जेवताना तिच्या ताटात काय पडलं याकडे कुणी बघत नाही. अधूनमधून ती नदीच्या काठावर जाऊन पाण्याकडं बघत उभी राहते. शेवटच्या पानावर पहाटे सासू खोलीत येते. तेवढं मला आजही पाठ आहे. ‘अंथरूण घडी घातलेले होते. मशीनवर झाकण होते. खिळा रिकामा होता. सासू तिथेच खाली बसली.’ संपलं. पुढं एक ओळ नाही.

ते मी वाचलं तेव्हा मावशीनं नाक पुसलं. “गेली गं बाई पोर पान्यात,” ती म्हणाली.

आईचा पाय मशीनवर थांबला. “कात्री कुठं हाय?” तिनं विचारलं.

“कुठली कात्री?”

“आगं, तिची. त्या खिळ्याला हुती न्हवं? म्हायेरची. तूच वाचलंस मागं.”

मला आठवेना. वाचून तीन आठवडे झाले होते. पण आईला प्रत्येक घरातली कात्री कुठं टांगलेली असते ते लक्षात राहायचं, पुस्तकातल्या घरातली सुद्धा.

“खिळा रिकामा म्हंजे कात्री घेऊन गेली,” आई म्हणाली. “मरायला निघालेली बाई कात्री घेऊन जात न्हाई. ती जगायला गेली.” आणि तिनं पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.

मी ते तसंच्या तसं वहीत उतरवलं. नाव माझं घातलं.

आता या बचावाच्या भानगडीत मी संध्याकाळी आईला विचारलं, “तुला कसं कळलं गं?”

“यात कळायचं काय हाय?” ती म्हणाली, आणि कात्रीनं एका दमात अस्तर कापलं. तिची कात्री काळी, मोठी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. ती मशीनवरच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला हात लावायची मला परवानगी नव्हती. कागद कापायला घेतली म्हणून लहानपणी एकदा मी रट्टा खाल्ला होता. आमच्या घरात तो एकच रट्टा.

सोमवारी मी ग्रंथालयात जाऊन कादंबरी पहिल्या पानापासून उघडली. या वेळी एक ओळ गाळायची नाही असं ठरवलं. झाडं वाचली, डोंगर वाचले, पहाटा तर इतक्या वाचल्या की कंटाळा आला. खिळा एक्केचाळिसाव्या पानावर सापडला. आईचं चोख होतं. पण तेवढ्यानं विद्याधर गप्प बसणार नव्हता. तो डॉक्टरांचा मुलगा, पुढं कलेक्टर व्हायचं म्हणून हौसेनं आर्ट्‌सला आलेला, बोलायचा तेही छापल्यासारखं. त्याला दोन पानांचा पुरावा लागणार. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी दोनशे सातव्या पानावर गल्लीचं वर्णन आलं. हेच वर्णन मी दुकानात गाळलं होतं, कारण त्या वेळी मावशीला पेंग आली होती. मी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग उठून पाणी पिऊन आले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

घरी मी कुणाला काही बोलले नाही. दोन दिवस मी इतकी गप्प होते की मावशीनं मला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

शनिवारी बाईंनी खुर्ची बाजूला घेतली आणि मला टेबलाशी उभं केलं. माझ्या हातात पुस्तक, त्यात दोन ठिकाणी अस्तराच्या चिंध्या घालून ठेवलेल्या. समोर आठजण. बाईंच्या मांडीवर माझी वही आणि वहीवर लाल पेन.

विद्याधर पहिला उठला. “रिकामा खिळा हे प्रतीक आहे,” तो म्हणाला. “रिकाम्या संसाराचं. लेखकाला कात्री म्हणायचं असतं तर त्यानं कात्री असं लिहिलं असतं.”

“लिहिलंय की,” मी म्हटलं. “तू त्या वेळी प्रतीक शोधत होतास.” पोरं हसली. मी पान उघडलं. “‘मशीनच्या वर एकच खिळा होता. माहेरची कात्री ती त्याला अडकवी. दुसरे काही त्याला अडकवलेले तिला खपत नसे.’ पान एक्केचाळीस. आख्ख्या खोलीत खिळा एक. त्याला वस्तू एक. खिळा रिकामा आहे असं लिहिलं तर काय गेलं?”

“कात्री सासूनं काढून ठेवली असेल,” सुनंदा म्हणाली. ही माझी मैत्रीण, पण त्या खोलीत मैत्री चालत नसे.

“सासूनं काढली असती तर रिकामा खिळा बघून ती खाली का बसली असती? अंथरूण बघून बसली नाही. मशीनचं झाकण बघून बसली नाही. खिळा बघून बसली. तिला कळलं की हातची गेली. मेलेल्या सुनेला रडायला चार बायका येतात, पण निघून गेलेल्या सुनेबद्दल लोकांना काय सांगायचं?”

हे मी ठरवून आले नव्हते. बोलता बोलता आलं. बाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

“बरं,” विद्याधर म्हणाला. तो हट्टाला पेटला होता. “कात्री नेली, मान्य. पण जीव द्यायला नेली नसेल कशावरून?”

“जीव द्यायला कात्री हवी होती तर कात्री घरातच होती. ती घेऊन बाहेर कशाला पडेल?”

“मग नदीत फेकायला नेली. त्या कात्रीनंच तिचा जन्म वाया गेला. ती कात्री आणि ती स्वतः, दोन्ही नदीत. शोकांतिका पूर्ण होते.” त्यानं हात पसरले. दोघातिघांनी माना डोलावल्या. दिसायला ते छानच दिसत होतं.

मी दुसरी चिंधी ओढली. “पान दोनशे सात. शेवटाच्या आदला दिवस. ‘दुपारी गल्लीत धारवाला आला. बायका विळ्या आणि सुऱ्या घेऊन ओट्यावर उभ्या राहिल्या. पदराखाली काही धरून सगुणा सर्वांत शेवटी उभी होती.’ ” मी पुस्तक खाली केलं. “विळी पदराखाली कुणी धरत नाही, पोटाला लागेल. आमच्या गल्लीत धारवाला येतो तेव्हा कात्री पदराखाली धरून सगळ्यांच्या शेवटी माझी आई उभी राहते, म्हणजे बाकीच्या बायका ‘दे की जरा’ म्हणून मागत नाहीत. सगुणानं आदल्या दिवशी कात्रीला धार लावून घेतली. आता मला सांग विद्याधर, फेकायच्या कात्रीला कुणी धार लावतं का?”

विद्याधरनं आपलं पुस्तक उघडलं, दोनशे सात काढलं, बोट ठेवून वाचलं आणि खाली बसला. बसताना तो म्हणाला, “हे मी वाचलंच नव्हतं.” पोरगा प्रामाणिक होता, हे मला त्या दिवशी कळलं.

“आता माझा एकच प्रश्न,” बाई म्हणाल्या. “हे मत तुझं आहे?”

मी जिंकले होते. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांनी टोपण काढून लिहून टाकलं असतं. पण बाईंचे डोळे असे होते की त्यांच्यासमोर तिसरी चोरी मला जमेना. शिवाय मनात आलं, आईचं वाक्य मी माझ्या नावावर खपवलं तर मी सगुणाच्या सासूपेक्षा वेगळी काय?

“नाही,” मी म्हटलं. “आईचं आहे. ती कपडे शिवते. मी तिला पुस्तकं वाचून दाखवते. शेवट ऐकला आणि तिनं विचारलं, कात्री कुठं आहे. ते वाक्य तिचं आहे, मी नुसतं लिहिलं. मागच्या शनिवारी मी खोटं बोलले.”

मी वहीकडं बघत उभी राहिले. आता लिहा एकदाचं, असं झालं होतं.

“आणि दोनशे सात पान?” बाईंनी विचारलं. “ते पण आईनं सांगितलं?”

“नाही. आईला ते माहीतच नाही. मी वाचताना ते गाळलं होतं. या आठवड्यात शोधलं.”

“सासू का खाली बसली?”

“ते आत्ता सुचलं.”

बाई उठल्या. भिंतीशी त्यांची कापडी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एक तपकिरी पुठ्ठ्याची वही काढली. कोपरे झिजलेले, पानं पिवळी. याच वहीतून त्या दर वर्षी ती कादंबरी शिकवायच्या. त्यांनी एक पान काढून टेबलावर सपाट केलं आणि वाचलं, “‘रिकामा खिळा, रिक्ततेचे प्रतीक. सगुणेचा नदीत अंत.’ हे माझ्या सरांचं वाक्य. मी पुस्तकात कधी तपासलं नाही.” मग त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं, त्या ओळीवर काट मारली आणि शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘उसनं’.

आम्ही नऊजण टेबलाभोवती कधी गोळा झालो ते कळलं नाही. बाईंच्या वहीत तो शब्द बघून सुनंदानं तोंडावर हात ठेवला होता.

“आता तुझी आण,” बाई म्हणाल्या. आणि माझ्या वहीत, त्या वाक्याखाली, त्यांनी लिहिलं, ‘वाचलं’.

मी दुकानापर्यंत पळत गेले. सतरा वर्षांची घोडी भर बाजारातून दप्तर उडवत पळतेय म्हणून लोक बघत होते. बघेनात का. आईला मी एवढंच सांगितलं, “झालं. उद्या बाई येणार.” ती घाबरली. माझं काहीतरी चुकलं म्हणूनच बाई घरी येतात, अशी तिची समजूत.

रविवारी सकाळी बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत ब्लाउजपीस. आईनं स्टूल तीन वेळा पुसलं. मावशी पाटावरून उठून पडद्याला चिकटून उभी राहिली. चहा झाला, आणि बाईंनी सरळ विषयाला हात घातला. “शालनताई, उज्ज्वलाला बी.ए.ला घालायचं. कोल्हापूरला. हॉस्टेलचं मी बघते.”

“घालायचंच हाय,” आई म्हणाली.

मी बघतच राहिले. “आणि मामानं बघितलेलं मशीन?”

“त्येला म्हणावं तूच बस त्याच्यावर.”

मावशी पदर तोंडाला लावून हसली. मी हुक लावायला घेतलेला एक ब्लाउज उगाच उलटापालटा करत बसले, म्हणजे डोळे कुणाला दिसू नयेत.

“आणखी एक विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या. “एकवीस वर्षं मी शिकवतेय, माझ्याही लक्षात आलं नाही. सगुणा कात्री घेऊन गेली हे तुम्हाला कसं कळलं?”

मला जे उत्तर मिळालं होतं तेच मिळणार असं मला वाटलं. आईनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग खिळ्याकडं न बघता ती म्हणाली, “मीबी तेवढंच घेऊन निघाले हुते, बाई.”

मावशीनं खाली बघितलं. तिला ठाऊक असावं.

“सोळा वर्सं झाली. पहाटंचं निघाले. एका हातात ही, दीड वर्साची.” आईनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. “दुसऱ्या हातात कात्री. भांडी न्हाई, लुगडी न्हाई. मशीन त्येंचं हुतं. कात्री माज्या आईची. ती हातात असली की कुठंबी दोन घास मिळत्यात.”

“आणि नदी?” बाईंनी हळूच विचारलं.

“लागली की वाटंत. हिरण्यकेशी,” आई म्हणाली. “पुलावरनं आले.”

सुई माझ्या बोटात रुतली होती ते मला नंतर कळलं. त्या कात्रीला मी सतरा वर्षं बघत होते. एका हातात ती आणि दुसऱ्या हातात मी, असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी उठून आईजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती लाजली. “सर की तिकडं,” ती म्हणाली, “बाईंचं माप घ्यायचंय.”

तिनं टेप गळ्यात घातली. बाई उभ्या राहिल्या. आई एकेक माप सांगत गेली आणि मी मापाच्या वहीत लिहीत गेले, नाईकवडी बाई, छाती छत्तीस, कंबर बत्तीस, बाही नऊ, उंची चौदा. शेवटचा आकडा लिहून झाला तसा बाईंनी माझ्यापुढं हात केला. “दे ती वही.”

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि आपल्या मापांच्या खाली एक शब्द लिहिला. वही त्यांनी माझ्याकडं न देता आईच्या हातात दिली.

“काय लिवलंय?” आईनं मला विचारलं.

“वाचलं,” मी म्हटलं.

“आता बघा,” आई म्हणाली, “मला कुठं वाचाया येतंय?”

“नऊजणांत कुणाला येत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मलासुद्धा.”

बाई गेल्यावर आई बराच वेळ ते पान उघडून बसली. नंतर कितीतरी महिने जे गिऱ्हाईक येईल त्याच्यापुढं ती मापाची वही उघडायची, लाल अक्षरांवर बोट ठेवायची आणि सांगायची, हे कॉलेजातल्या बाईंनी लिवलंय. काय लिहिलंय असं कुणी विचारलं की ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. तेवढा एक शब्द तिला बिनचूक वाचता यायला लागला होता.